वेतस, वेत आणि वाळुंज : नीरा-कऱ्हेच्या काठावरील एका वृक्षाची ओळख

१

महाभारताच्या शांतिपर्वात समुद्र आणि नद्या यांचा एक संवाद आहे. बलाढ्य शत्रूपुढे दुर्बल राजाने कसे वागावे, या युधिष्ठिराच्या प्रश्नाचे उत्तर देताना भीष्म तो सांगतात. समुद्र नद्यांना विचारतो की, तुम्ही मोठमोठे वृक्ष मुळांसकट उपटून माझ्याकडे आणता. परंतु तुमच्याच काठी वाढणारा, अंगाने लहान आणि अल्पसार असा वेतस मात्र कधी आणीत नाही, याचे कारण काय? गंगा उत्तर देते की, ते वृक्ष आपली जागा धरून प्रवाहाला विरोध करतात, म्हणून उन्मळतात. वेतस पूर येताना पाहून वाकतो आणि वेग ओसरला की पुन्हा आपल्या जागी उभा राहतो. पुढे 'वैतसी वृत्ति' हा राजनीतीचा रूढ संकेत झाला. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात सुह्म देशाच्या लोकांनी रघूपुढे जी वृत्ती धरली तिला कालिदासाने हेच नाव दिले आहे, आणि पंचतंत्रातही ही कल्पना आढळते.

मराठी वाचकाला मात्र हा दृष्टान्त दुसऱ्याच रूपात परिचित आहे. देवापाशी लहानपण मागणाऱ्या तुकारामांच्या प्रसिद्ध अभंगात महापुरात झाडे वाहून जातात आणि लव्हाळे तेवढे वाचते. म्हणजे वृक्षांच्या समोर उभा असलेला वेतस येथे एक पाणगवत झाला आहे. कोशकारांचा मार्ग याहून वेगळा. वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशात वेतसाचा पहिला अर्थ वेत असा दिला आहे, आणि शालेय भाषांतरांत हाच अर्थ रूढ झाला आहे. अशा रीतीने एका शब्दाच्या ठिकाणी मराठीत दोन वनस्पती उभ्या राहिल्या : लव्हाळा आणि वेत.

या दोहोंच्या मागे तिसरी एक वनस्पती झाकली गेली आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. ती म्हणजे दख्खनच्या नद्या-ओढ्यांच्या काठचा वाळुंज. हा केवळ शब्दार्थाचा वाद नव्हे. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांना नीरा, कऱ्हा व भीमा या तीन नद्यांनी वेढले व छेदले आहे. ज्या बारामतीत कऱ्हेच्या सान्निध्यात मोरोपंतांनी (१७२९-१७९४) महाभारत आर्यावृत्तात उतरविले, तेथील अभ्यासकाने वेतस म्हणजे वेत असे मानले, तर हा दृष्टान्त त्याच्या भूमीतील राहत नाही. कारण सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर पावसाच्या या पर्जन्यछायेच्या प्रदेशात वेत उगवत नाही. तो सह्याद्रीच्या व दक्षिण कोकणाच्या दमट रानांतील आरोही ताडवर्गीय वेल आहे. वेतसाची ओळख चुकली की नदीकाठच्या एका वृक्षाचा इतिहासही हातचा जातो.

२

प्रथम वृक्षाचीच ओळख करून घेणे इष्ट होय. वाळुंजाचे शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्गने कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या आपल्या सचित्र ग्रंथात त्याचे वर्णन केले. विलो या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या वृक्षगणाचा हा उष्ण प्रदेशातील प्रतिनिधी. या गणाच्या बहुसंख्य जाती उत्तर गोलार्धाच्या थंड प्रदेशांत आढळतात. भारतीय द्वीपकल्पाच्या मैदानी नद्यांच्या काठी स्वभावतः वाढणारी जाती मुख्यतः ही एकच. 'टेट्रास्पर्मा' म्हणजे चार बियांचा. त्याच्या लहान बोंडात चार ते सहा बिया असतात.

हा मध्यम उंचीचा वृक्ष आहे. जुन्या खोडाची साल खडबडीत असून तिला खोल उभ्या भेगा असतात. पाने भाल्याच्या पात्यासारखी, टोकाला निमुळती, कडांना बारीक दात असलेली. वरून ती हिरवी व तुकतुकीत दिसतात, खालून निळसर-पांढुरकी. वारा सुटला की सारा वृक्ष क्षणात रंग पालटतो, आणि दुरून ओळखण्याची ही सर्वात सोपी खूण होय. नर फुले एका झाडावर आणि मादी फुले दुसऱ्या झाडावर येतात. पावसाळा सरल्यावर लोंबत्या, लवदार नतकणिशांच्या रूपाने ती दिसू लागतात. बी सूक्ष्म असून त्याला रेशमी केसांचा झुबका असतो. वारा व पाणी दोन्ही ते वाहून नेतात.

दोन गल्लती टाळल्या पाहिजेत. खडकाळ नदीपात्रात वाढणारी शेरणी (होमोनोइया रायपेरिया) हिची पाने लांबट व वाळुंजासारखी असल्याने घाईच्या पाहणीत फसगत होते. परंतु शेरणी हे एरंडाच्या कुलातील झुडूप आहे; ते पात्रातील खडकांच्या फटींत राहते, तर वाळुंज काठाच्या मातीत व गाळात उभा राहून वृक्षरूप घेतो. दुसरी गल्लत बागेतील लोंबत्या फांद्यांच्या विलोशी होते. तो मूळचा चीनकडील आणि शोभेसाठी लावलेला. लिनिअसने त्याला बाबिलोनचे नाव दिले ते बायबलमधील स्तोत्राच्या आठवणीने, आणि त्या स्तोत्रातील वृक्ष हा विलो नसून युफ्रेटिसकाठचा पॉप्लर असावा, असे आज मानले जाते. वृक्षाच्या ओळखीत ग्रंथावरून भूमीकडे आणि भूमीवरून ग्रंथाकडे जाताना अशी चूक युरोपातही झाली आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

३

आता संस्कृत ग्रंथांची साक्ष पाहू. अमरकोशात वेतसाला अभ्रपुष्प, विदुल, शीत, वानीर, वंजुल असे पर्याय दिले असून त्याच्या पाण्याकाठच्या प्रकाराला नादेयी व अंबुवेतस म्हटले आहे. नादेयी म्हणजे नदीची. ही नावे वनस्पतीचे स्थान सांगतात, पण रूप सांगत नाहीत. रूपासाठी काव्याकडे वळावे लागते.

मम्मटाच्या काव्यप्रकाशात आरंभीच एक श्लोक उदाहरणादाखल आला आहे. तो शीलाभट्टारिकेचा मानला जातो. त्यातील नायिकेचे मन रेवेच्या तीरावरील ज्या स्थळाकडे ओढ घेते, ते स्थळ 'वेतसीतरु'च्या तळाशी आहे. वेताला तरू म्हणत नाहीत, आणि काटेरी वेलीच्या जाळीखाली कोणी विसावत नाही. नर्मदाकाठच्या या वेतसीला सावली आहे. मेघदूतात गंभीरा नदीचे पाणी तिच्या वस्त्रासारखे वर्णिले असून वानीराच्या फांद्या ते हाताने धरल्यागत पाण्याला टेकल्या आहेत. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम विमानातून गोदावरीकाठची वानीरांची घरे सीतेला दाखवितो. मृगयेहून परतल्यावर तो तेथे विसावत असे. ध्वन्यालोक आणि काव्यप्रकाश या दोन्ही ग्रंथांत आलेल्या एका प्राकृत गाथेत वानीराच्या दाट जाळीतून उडालेल्या पक्ष्यांचा कलकलाट ऐकून घरकामात गुंतलेल्या वधूची गात्रे गळून जातात. पक्ष्यांचे थवे बसावेत असा दाट पर्णभार, पाण्यावर झुकलेल्या फांद्या आणि खाली विसावण्याजोगी जागा, ही तिन्ही लक्षणे वाळुंजात एकत्र सापडतात.

शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात वेतस कुबड्यासारखा वाकतो तो स्वतःच्या स्वभावाने की नदीच्या वेगाने, असा प्रश्न निघतो आणि नदीचा वेग हेच कारण ठरते. या निरीक्षणाचे महत्त्व फार आहे. पुराच्या माऱ्यात वाढलेल्या वाळुंजाचे खोड प्रवाहाच्या दिशेने कलते आणि कललेल्या खोडातून नवे सरळ फुटवे निघतात. शांतिपर्वातील वेतस पुन्हा 'आपल्या जागी' येतो. वेत स्वतःच्या बळावर उभाच नसतो. तो इतर वृक्षांच्या आधाराने चढतो. तेव्हा वाकून पुन्हा उभे राहणे ही कल्पना त्याला नीट लागू पडत नाही. अल्पसार हे विशेषणही वाळुंजाच्या हलक्या, मऊ लाकडाशी जुळते.

विरुद्ध पुरावाही मांडला पाहिजे. भवभूतीने उत्तररामचरितात वानीराला 'वीरुत्' म्हणजे वेल किंवा झुडूप या अर्थाचा शब्द लावला आहे. शाकुंतलातच मालिनीकाठी वेतसांचा लतामंडप आहे. रघुवंशातील सुह्म हा वंगभूमीतील प्रदेश. तेथे वेत विपुल असल्याने त्या स्थळी वेत हाच अर्थ अभिप्रेत असणे शक्य आहे. यावरून निघणारा निष्कर्ष इतकाच की, वेतस हे नाव प्राचीन काळीही नदीकाठच्या एकाहून अधिक लवचिक वनस्पतींना लागत असावे, आणि प्रदेशपरत्वे त्याचा अर्थ ठरविणे अवश्य आहे. नर्मदा-गोदावरीच्या व त्यांच्या दक्षिणेच्या पठारी मुलखापुरता विचार केला, तर वाळुंजाचा दावा सर्वांत बळकट ठरतो.

वैद्यकाची साक्ष याला पूरक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वेदना शमविणाऱ्या दहा द्रव्यांच्या गणात वंजुलाचा समावेश आहे. वंजुल हा शब्द अशोकालाही लागतो. परंतु त्याच गणात अशोक स्वतंत्रपणे मोजलेला असल्याने येथे तो अर्थ संभवत नाही. वंजुलाचा तिसरा अर्थ तिनिश. तथापि विलो गणाच्या सालीत सॅलिसिन हे वेदनाशामक द्रव्य असते, ते १८२८ साली म्यूनिकच्या बुख्नेरने वेगळे केले, आणि त्याच्याशी रासायनिक नाते असलेले अॅस्पिरिन १८९९ साली बाजारात आले, हे लक्षात घेता चरकाचा वंजुल म्हणजे वेतस, आणि तो वेतस म्हणजे विलो गणातील वृक्ष, ही संगती अधिक समाधानकारक वाटते.

४

भाषेचा पुरावा यापुढचा. मराठी 'वेत' हा शब्द वेतसापासून आलेला नाही. तो 'वेत्र' या शब्दापासून प्राकृत 'वेत्त' या पायरीने आला आहे. वेतसाची प्राकृत रूपे वेगळी आहेत. हेमचंद्राच्या व्याकरणात त्यासाठी 'वेडिस' हे रूप सिद्ध केले असून जेथे 'इ' होत नाही तेथे 'वेअस' असे रूप राहते. नेपाळीत आणि कुमाऊँच्या बोलीत विलोला 'बैंस' म्हणतात. ध्वनिदृष्ट्या ते 'वेअस' या रूपाशी जुळते, आणि त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृक्षांत आपला सॅलिक्स टेट्रास्पर्माही मोडतो. काश्मीरीत विलोला 'वीर' म्हणतात. त्याचा संबंध वानीराशी असावा. भारताबाहेर पाहिले तर अवेस्तातील 'वएति', फार्सीतील 'बेद' आणि ग्रीकमधील 'इतेआ' हे वेतसाचे सगोत्र शब्द विलो याच अर्थाचे आहेत. वेतसाच्या कुळातील शब्द जेथे टिकले, तेथे त्यांचा रोख प्रायः विलोकडे आहे. मराठीत तो शब्द टिकला नाही. त्याच्या जागी ध्वनिसाम्यामुळे वेत्राचा वंशज असलेला 'वेत' अर्थ म्हणून बसविला गेला. कोशातील गोंधळाचे मूळ हे होय.

मराठीत टिकला तो वेतसाचा पर्याय, वंजुल. 'वंजुल' पासून 'वाळुंज' कसा होतो? येथे 'ज' आणि 'ल' यांच्या स्थानांची अदलाबदल मानावी लागते. असा वर्णविपर्यय महाराष्ट्रीय प्राकृतास अपरिचित नाही. हेमचंद्राने अचलपुराचे 'अलचपुर' हे रूप नोंदविले आहे. त्यातूनच एलिचपूर झाले. 'च' आणि 'ल' यांचा तेथील विपर्यय प्रस्तुत उदाहरणाशी तंतोतंत मिळतो. महाराष्ट्राचे 'मरहट्ठ' आणि लघूचे 'हळू' ही याच प्रवृत्तीची उदाहरणे. स्वरांमधील एकेरी 'ल'चा 'ळ' होणे मराठीत नियमित आहे. तेव्हा वंजुल, वलुंज, वळुंज हा क्रम सयुक्तिक ठरतो. राहतो तो पहिल्या अक्षरातील दीर्घ 'आ'. त्याचे कारण नियमात सापडत नाही. वाळूत वाढणारे झाड म्हणून 'वाळू' या शब्दाची छाया त्यावर पडली असावी. 'वाळू'पासूनच थेट व्युत्पत्ती लावावी असा पक्ष संभवतो. परंतु मग '-उंज' या अंत्य अंशाचा उलगडा करावा लागेल. पुरंदर तालुक्यात वाळुंज आणि निळुंज अशी दोन गावे आहेत, ही जोडी त्या दृष्टीने लक्षणीय आहे. दोन्ही शक्यता मांडून वंजुलाची व्युत्पत्ती अधिक संभाव्य मानणे, एवढेच सध्या योग्य होईल.

५

वनस्पतीवरून स्थलनाम पडणे ही प्राचीन पद्धत आहे. पाणिनीने तर कुमुद, नड आणि वेतस या तीनच शब्दांसाठी एक स्वतंत्र सूत्र रचून वेतसांनी युक्त देशाला 'वेतस्वत्' हे नाव सिद्ध केले. तिन्ही वनस्पती पाण्याच्या सान्निध्यातील, हे उघड आहे. महाराष्ट्रात ही परंपरा वाळुंजाच्या रूपाने चालू राहिली : पुरंदरमधील वाळुंज, संभाजीनगरजवळचे वाळूज, आणि वाळुंज व वाळुंजकर ही आडनावे. आज ही आडनावे धारण करणाऱ्या बहुतेकांना आपल्या नावाचा वृक्ष पाहून ओळखता येईल, असे म्हणवत नाही.

बारामती-इंदापूर भागातील ठळक ग्रामनामे पाहिली तर बाभुळगाव, बोरी, पिंपळी, निमगाव केतकी, कळंब, पळसदेव, रुई अशी वनस्पतिवाचक नावे भेटतात. त्यांपैकी बाभूळ, बोर, निंब, पळस, रुई या कोरड्या माळाच्या वनस्पती. वस्ती माळावर आणि पांढरीत झाली, नावे तेथील झाडांची पडली. वाळुंजाची जागा पूररेषेच्या आत असल्याने त्याच्या सावलीत गाव वसणे कठीणच. या विषमतेचे प्रतिबिंब महसुली व्यवहारातही दिसते. रॉबर्ट कीथ प्रिंगल यांची आकारणी फसल्यानंतर १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी मुंबई इलाख्याच्या सुधारलेल्या जमीन-पाहणीचा आरंभ इंदापूर तालुक्यातच केला. त्या पद्धतीचा पाया म्हणजे शेतजमिनीची प्रतवारी : मातीचा रंग, खोली आणि दोष. शेतासाठी आखलेल्या या चौकटीत काठाची दरड आणि तिच्यावरील झाडोरा यांना मोल असण्याचे कारण नव्हते.

त्या दरडीचे मोल मात्र मोठे आहे. वाळुंजाची तंतुमय मुळे पाण्याच्या कडेला दाट गादीसारखी पसरतात आणि गाळ धरून ठेवतात. पुराच्या वेळी वाकणाऱ्या फांद्यांमुळे काठालगतचा वेग मंदावतो आणि पाण्यातील माती तेथे बसते. महाभारतातील वेतस स्वतः वाचतो. प्रत्यक्षातील वाळुंज आपल्याबरोबर काठही वाचवितो. पाण्यात उतरलेल्या मुळ्यांत लहान मासे आसरा घेतात. नतकणिशांतील पराग मधमाश्यांना मिळतो. फॅलॅन्टा फॅलॅन्था या ठिपकेदार नारिंगी फुलपाखराच्या अळ्या वाळुंजाच्या पानांवर वाढतात. फांदी ओल्या गाळात खोवली की रुजते. पुराने मोडलेला फाटा खाली कोठेतरी नवे झाड होतो.

बियांपासून होणारी उत्पत्ती याहून नाजूक आहे. विलो गणाचे बी थोडेच दिवस जिवंत राहते. तेवढ्या अवधीत त्याला उघडा, ओला आणि ताजा गाळ मिळाला पाहिजे. पावसाळ्यातील पूर काठ धुऊन नवा गाळ टाकतो, पाणी हळूहळू उतरत जाते, आणि त्या उतरत्या रेषेवर बी रुजते. वाळुंजाचा जीवनक्रम नदीच्या चढउतारावर असा बेतलेला आहे.

हा चढउतार गेल्या दीडशे वर्षांत पालटला. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण हाती घेण्यात आले आणि १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू होऊन बारामती-इंदापूरच्या कोरड्या जमिनीला पाणी मिळू लागले. पुढे १९२८ च्या सुमारास भाटघरला अधिक मोठे धरण झाले, १९६५ च्या सुमारास नीरेवर वीर धरण पूर्ण झाले, आणि कऱ्हेचे पाणी जेजुरीजवळ नाझरे येथे अडविले गेले. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर इंदापूर तालुक्याच्या बाजूचा भीमेचा जुना काठच जलाशयाखाली गेला. त्यात जुने पळसदेव बुडाले. पाणी फार ओसरलेल्या वर्षी तेथील पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. कालव्यांनी या भागातील दुष्काळग्रस्त जीवन सावरले, ऊस आणला, वस्ती वाढविली. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु नदीच्या दृष्टीने पाहता पूर आवरला गेला, उन्हाळी पात्र कोरडे पडू लागले, आणि जलाशयाची कड धरणाच्या गरजेप्रमाणे वर-खाली होऊ लागली. वाळू उपशाने पात्रातील गाळाचे थर मोडले. अशा मोडलेल्या काठावर वेडी बाभूळ आणि बेशरम या अमेरिकेतून आलेल्या वनस्पती चटकन पाय रोवतात.

६

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. संस्कृत ग्रंथांतील वेतसाचा अर्थ सर्वत्र एकच नाही. पठारी प्रदेशाच्या संदर्भात तो वाळुंज मानणे वाङ्मय, वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र या तिन्हींच्या साक्षीस धरून आहे. मराठी वेत आणि संस्कृत वेतस यांचा संबंध वंशपरंपरेचा नसून केवळ सादृश्याचा आहे. आणि वाळुंज हा शब्द वंजुलाचा वारस असणे संभाव्य असल्याने, ज्या वृक्षाला ग्रंथांतून परका केले त्याचे नाव मराठीने आपल्या गावांत आणि आडनावांत जपून ठेवले होते.

स्थलनामांच्या अभ्यासकाला यातून एक काम उरते. वाळुंज व तत्सदृश नावांची गावे, मळे, ओढे आणि डोह यांची गावोगावच्या नकाशांवरून व वृद्धांच्या तोंडून नोंद करावी, आणि त्या प्रत्येक ठिकाणी हा वृक्ष आज उभा आहे किंवा नाही हे पाहावे. जेथे नाव आहे आणि झाड नाही, तेथे नदीच्या जुन्या काठाची खूण मिळेल. काठ पुन्हा बांधू इच्छिणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल; कारण वाळुंज लावण्यास ओल्या गाळात खोवलेली एक फांदी पुरते. मात्र ती टिकण्यास नदीत पाणी असावे लागते. पूर येताना वाकण्याची विद्या वाळुंजाला अवगत आहे. कोरड्या पात्रात कसे जगावे, हे शांतिपर्वातील गंगेनेही सांगितलेले नाही.